शुभ-लाभखालचा पासवर्ड
उकडत्या धानाचा वास आला की अर्जुनीकडची ती राईस मिल आठवते आणि अजून डोकं तापतं. तिथल्या कॉम्प्युटरची सुरक्षा तपासायला मला बोलावलं होतं. सर्व्हरचा पासवर्ड भिंतीवर शुभ-लाभच्या खाली खडूने लिहिलेला होता. डेटाबेसमधून अख्ख्या सर्व्हरला हुकूम देता येईल अशी एक आयती सोयही त्यावर चालू होती. चोराला तेवढं पुरलं असतं, म्हणून मी ती बंद केली. वजनकाट्याची पावती त्याच सोयीतून छापली जाते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पावत्या थांबल्या आणि धानाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. "कोनाले इचारून बंद केलं बे? चालू कर, नाही तं चालता हो," मालक सगळ्यांसमोर म्हणाला. मी ती चालू केली आणि निघालो. आठवड्यात कोणीतरी बाहेरून त्याच वाटेने शिरून सगळा डेटा पुसला. मालकाचा फोन मी उचललाच नाही. अर्धा तास बसून पावतीची वेगळी सोय करता आली असती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.