कानसेनची खुर्ची

आमच्या दुकानात साउंड कार्ड विकत घेण्यापेक्षा लग्न जमवणं सोपं होतं. लग्नात निदान दोन्हीकडची माणसं होकार द्यायच्या तयारीनं बसलेली असतात. इथे कानसेन नकार द्यायलाच बसलेला असायचा.

कानसेन हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. दुकानातल्या कुणीतरी थट्टेनं ते ठेवलं आणि त्याने पदवीसारखं मिरवलं. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं आमचं दुकान दोन मजली. खाली मालक आणि काउंटर, वर एका बाजूला माझं दुरुस्तीचं टेबल आणि दुसऱ्या बाजूला त्याची ऐकण्याची खोली. खोली कसली, अंड्यांच्या ट्रेसारखा फोम चारी भिंतींना चिकटवलेलं एक खोकं. मधोमध हातांची खुर्ची, समोर जाड करडा पडदा, पडद्यामागे कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरला मदरबोर्डबरोबर फुकटात येणारा साधा आवाज होता, शिवाय दुकानातलं सगळ्यात भारी साउंड कार्डही बसवलेलं होतं. पडद्यामागे बसून कधी हे, कधी ते चालू करणं आणि हेडफोनची पिन त्या त्या भोकात बदलणं हे माझं काम. दुरुस्ती बाजूला टाकून हा पोरखेळ करावा लागायचा, म्हणून माझं त्याच्याशी पहिल्यापासून जमलं नाही. ते मी कधी लपवलंही नाही.

गिऱ्हाईक वर यायचं आणि विचारायचं, "गेमसाठी कुठलं कार्ड घेऊ? गाणीही बरीच ऐकतो मी." मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आधी बरासा हेडफोन घ्या, मदरबोर्डमधून खरखर येत असेल तरच कार्डाच्या नादी लागा. पण मला कोण विचारतो! कानसेन म्हणायचा, "बसा." मग गिऱ्हाइकाच्या कानांवर जाड गाद्यांचे हेडफोन चढवायचा. मी एकच गाणं आलटून पालटून मदरबोर्डमधून आणि कार्डमधून वाजवायचो, आणि कुठलं कोणतं ते त्या बिचाऱ्यानं ओळखायचं. अंदाजाने ज्याचं बरोबर येई तो छाती फुगवून सगळ्यात महागाचं कार्ड घेऊन जाई. बाकीच्यांची धडगत नसे.

कारण मग कानसेन स्वतः त्या खुर्चीत बसायचा. आपले खास उघड्या जाळीचे हेडफोन लावायचा, डोळे मिटायचा, आणि दर वेळी बरोबर सांगायचा. दर वेळी. "पहिला सूर लागायच्या आधीच मला कळतं," हे आणखी वर. आणि गिऱ्हाइकाकडे वळून, बाकीचे ऐकत असताना, "गाढवाला गुळाची चव काय? तुम्ही मदरबोर्डवरच भागवा."

एक फोटोग्राफर होता, लग्नांचे व्हिडिओ करायचा. होणाऱ्या बायकोला कौतुकानं बरोबर घेऊन आला होता. तिच्यासमोर कानसेन त्याला म्हणाला, "डोळे चालत असतील तुमचे. कान मात्र शोभेला दिलेत देवानं." एक गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांना ओळखता आलं नाही तर हा म्हणाला, "तुमच्या विद्यार्थ्यांची कीव येते मला." बाई जिन्यात थांबून डोळे पुसत होत्या. मी पाण्याचा ग्लास घेऊन गेलो तर त्यांनी तो घेतला नाही. वर हा पुढच्या गिऱ्हाइकाला "बसा" म्हणत होता.

घरीही हेच. मी त्याच्याच गल्लीत राहतो, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. त्याच्या बायकोला कपड्यांच्या घड्या घालताना गुणगुणायची सवय होती. एकदा तो बाहेर येऊन शांतपणे म्हणाला, "तू गुणगुणलीस की माझ्या कानांची धार जाते." वहिनींनी गुणगुणणं सोडलं. टीव्हीचा आवाज इतका कमी असायचा की मालिकेतली भांडणं त्या ओठांवरून समजून घ्यायच्या. घरात भांडं आपटलं की तो नुसता "हं" म्हणायचा, आणि तेवढ्यानं दोघी मायलेकी जागच्या जागी थिजायच्या. मुलगी शाळेत असताना तिलाही त्याने त्या खुर्चीत बसवलं होतं, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना. तिला ओळखता आलं नाही. तेव्हापासून ती त्याला तोंडी लावायला झाली. "माझ्या पोटच्या पोरीला कळत नाही, तुमचं काय घेऊन बसलात!" हे वाक्य मी पडद्यामागून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

पोरगी मोठी झाली आणि गेम खेळायला लागली. वेळ घालवायला नव्हे, संघातून, स्पर्धांमधून. तिचा खेळ असा की शत्रू दिसायच्या आधी ऐकावा लागतो. पायरीवरचं पाऊल, बंदुकीत गोळी भरल्याचा खटका, कुठल्या बाजूनं, किती लांबून. तसल्या घरात वाढलेल्या पोरीला दबकी पावलं ओळखायला कुणी शिकवावं लागलं नाही. संघात तिचा शब्द शेवटचा असायचा. ती "डावीकडे" म्हणाली की सगळे डावीकडे वळायचे. बापाला यातलं काही ठाऊक नव्हतं. बापानं विचारलंच नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी ती दुकानात आली. वर गर्दी होती. तो फोटोग्राफरही होता, हार्ड डिस्क माझ्याकडे टाकून वाट बघत बसलेला. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, मला साउंड कार्ड हवंय. गेमसाठी."

"बस," कानसेन म्हणाला.

ती बसली. जाड गाद्यांचे हेडफोन, तेच गाणं, तोच पडदा. तिचं निम्म्याहून जास्त चुकलं. कानसेननं लोकांकडे बघून हात पसरले. "बघा. मी काय म्हणत होतो? आईवर गेलीय. गाढवाला गुळाची चव काय!" दोघंतिघं हसले. फोटोग्राफर हसला नाही. मुलगी खुर्चीतून उठली, चेहऱ्यावर काही नाही. असला चेहरा करायला बरीच वर्षं लागतात.

कानसेन डबा खायला खाली गेला. लोक माझ्या टेबलाकडे पांगले, ती खोलीतच होती. म्हणाली, "काका, आता बाबांच्या हेडफोनवर ऐकू द्या ना." मला काय, मी वाजवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिने एकदम हात वर केला. "थांबा. हे टक् कसलं?"

"कसलं टक्?"

"गाणं सुरू व्हायच्या आधी. गाण्यातलं नाहीये ते. समोरून आलं, खालच्या बाजूनं."

ती पडदा सारून आत आली आणि कॅबिनेटजवळ उकिडवी बसली. मी कार्ड चालू केलं. टक्. मदरबोर्ड चालू केला. काही नाही. पुन्हा कार्ड. टक्. कार्डावर एक चिमुकली काळी डबी असते, रिले म्हणतात तिला. आवाज सुरू होताना ती आतल्या आत कुलूप उघडते. मी रोज त्या यंत्राला टेकून बसायचो आणि तो आवाज माझ्या लेखी पंख्याच्या घरघरीतच जमा होता. गिऱ्हाइकांच्या कानांवर जाड गाद्या, बाहेरचं काही आत येऊ न देणाऱ्या. उघडी जाळी फक्त एकाच माणसाच्या कानांवर.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मला हसू फुटलं. तिला नाही फुटलं.

"त्यांना माहीत असेल?" तिने विचारलं.

"छे! त्याला वाटतं तो सूरच ऐकतो," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. लबाड असता तर परवडलं असतं.

कानसेन हात पुसत वर आला तेव्हा लोक पुन्हा जमले होते, आणि गलबला ऐकून मालकही जिना चढून आले होते. मुलगी म्हणाली, "बाबा, आता तुम्ही बसा. सगळं बरोबर आलं तर मी खेळणं सोडते. संघातून नाव काढून घेते."

"बरं होईल," तो म्हणाला.

"आणि चुकलात तर ही खुर्ची सोडायची."

तो मालकांकडे बघून हसला. हातातलं गिऱ्हाईक त्याने घालवलं की मालकांचा कसा तिळपापड व्हायचा ते मी रोज बघत होतो. मालक म्हणाले, "मला मंजूर आहे." जरा घाईनंच म्हणाले.

पडद्याआड तिने एवढंच केलं: गाणं मदरबोर्डमधून कायम चालू ठेवलं, हेडफोनची पिन मदरबोर्डच्या भोकात घातली आणि तिथेच राहू दिली. आता मी काहीही चालू केलं तरी कार्ड नुसतं टक् करणार, गाणं मात्र सगळं फुकटच्या मदरबोर्डमधूनच येणार. मग तिने मला खूण केली.

टक्. "कार्ड," कानसेन म्हणाला. गाणं जरा पुढे गेल्यावर लोकांना समजावून सांगायला लागला, "ऐका. गाणारीच्या मागे केवढी हवा आहे! ती आणि वाजवणारे यांच्यामध्ये माणूस चालत जाईल."

टक् नाही. "मदरबोर्ड. आता कशी भिंतीला तोंड लावून गातेय."

टक्. "कार्ड. याला म्हणतात खोली."

असं बराच वेळ चाललं. तो रंगात आला होता. इतका सुंदर बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मुलगी माझ्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसली होती आणि त्याला थांबवत नव्हती. पुरेसं झाल्यावर तिने पडदा सर्रकन ओढला.

"पिन कुठे आहे बघा," ती लोकांना म्हणाली.

फोटोग्राफर सगळ्यात आधी वाकला. "अहो, ही तर मदरबोर्डमध्ये आहे!"

"सुरुवातीपासून तिथेच आहे. कार्डमधून एकही गाणं वाजलं नाही. ते फक्त टक् करत होतं. बाबांनी टक् ओळखलं."

"कसलं टक्?" कानसेन म्हणाला.

मी बटण दाबलं.

त्याचा चेहरा मी नीट बघितला, खोटं कशाला बोलू. आधी त्याला समजलं नाही. मग समजलं. तो हेडफोन काढून खुर्चीतून उठला, आत आला, गुडघे टेकले आणि कॅबिनेटला कान लावला. "पुन्हा," म्हणाला. मी दाबलं. "पुन्हा." मी दाबत राहिलो. पुढे तो "पुन्हा" म्हणायचा थांबला तरी मी दाबत राहिलो. मला थांबावंसं वाटलं नाही.

फोटोग्राफर इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "गूळ काय आणि गाढव काय, वा रे वा!" मालक म्हणाले, "कानामागून आली आणि तिखट झाली की हो तुमची कन्या!" मग गंभीर होत म्हणाले, "तुम्ही आता खाली केबलचं काउंटर बघा. उद्यापासून नको, आजपासूनच. आणि पोरी, ते कार्ड घेऊन जा, दुकानातर्फे बक्षीस. सुट्टीच्या दिवशी येऊन बसत जा या खुर्चीत. लोकांना मजा वाटेल." त्यांनी कपाटातून नवीन कार्डाचा खोका काढून तिच्या हातात दिला आणि हसणाऱ्या गर्दीला घेऊन ते खाली गेले.

वर आम्ही तिघंच उरलो. कानसेन आपल्या हेडफोनची वायर गुंडाळत होता. दोनदा गुंडाळली, दोनदा सुटली. मग ती सोडून त्याने शर्टाच्या बाहीनं खुर्चीचा हात पुसला, दुसरा हात पुसला, आणि मुलीकडे बघून म्हणाला, "बस."

त्या आवाजात ते "बस" मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

"हसले तर हसू देत," तो म्हणाला. "माझा कान तसला नसेल. नसू दे. पण एवढंसं टक् तुला ऐकू आलं, म्हणजे कान आहेत तुला. माझ्या घरात आहेत. ती जाड गादी मध्ये होती म्हणून चुकलीस तू. टक् ऐकलंस म्हणजे माझे उघडे हेडफोन लावले असशील. तेव्हा, ते टक् सोडून, नुसत्या गाण्यातून कळला ना तुला फरक? तुला येतो ना?"

तो अक्षरशः हात जोडायच्या बेतात होता. मला तो माणूस डोळ्यांसमोर नको असायचा, तरी त्या क्षणी तिच्या जागी मी असतो तर खोटं बोललो असतो. "हो" म्हणायला काय लागतं? तेवढ्या "हो"वर त्याने उरलेला जन्म केबल मोजत काढला असता, गिऱ्हाइकांना सांगत, वर माझी मुलगी बसते.

मुलीनं ते ओळखलं. माझ्याही आधी ओळखलं असणार.

"नाही," ती म्हणाली. "मला काही फरक कळला नाही. काकांनाही कळत नाही. तुम्ही ज्यांना ज्यांना हाकललंत त्यांच्यात एकही बहिरा नव्हता, बाबा."

"मग मी इतकी वर्षं..."

"मला काय माहीत."

कार्डाचा खोका तिने उघडलाही नव्हता. तो माझ्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, "हे विकून टाका, काका. मला लागत नाही. मदरबोर्डवर व्यवस्थित ऐकू येतं मला." आणि जिना उतरून गेली.

खालून मालकांनी मला हाक मारली, केबलच्या काउंटरवर दोन माणसं ताटकळलीत, त्याला पाठव. मी त्याचा दंड धरून त्याला खाली पाठवलं.