ढवळणाऱ्या बाया

"मायले कायनं झालं थे मले माहीत नाही, अन् माहीत नाही असं म्हणाचाच मले पगार भेटते."

उर्वशी भवरे हे घाटंजीला तानाबाईच्या अंगणात बसून बोलली होती. तानाबाई म्हणजे तिच्या आईची, रुखमाबाईची, उभ्या जन्माची सोबतीण. दोघींनी एकाच वावरात निंदण केलं, कापूस वेचला, एकाच लुगड्याच्या चिंध्या दोघींच्या लेकरांच्या गोधड्यांत गेल्या. तानाबाईनं साधंच विचारलं होतं, की तू एवढी शिकली, विषाची डॉक्टर झाली, तर तुझ्या आईला रक्ताचा कर्करोग कशानं झाला तेवढं सांग. उत्तर ऐकून ती पोट धरून हसली. असा पगार आपल्यालाही चालेल म्हणाली. आमच्या शाळेचा मास्तर असं म्हणला असता तर गावानं त्याला ठेवला नसता, असंही चहा टाकता टाकता आतून ऐकवलं.

उर्वशीही हसली. हसण्यासारखंच काम होतं ते.

यवतमाळच्या कडेला, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान संशोधन संस्थेत ती विषशास्त्रज्ञ म्हणून नोकरी करते. तिथं यंत्रं आहेत, पिंजऱ्यात पांढरे उंदीर आहेत, पण तिचा दिवस जातो तो वाचण्यात. एखाद्या पदार्थानं कर्करोग होतो का, यावर जगात जे छापून आलं असेल ते जमवायचं आणि तोलायचं. माणसांत काय दिसलं, जनावरांत काय दिसलं, पेशीच्या आत काय बिघडलं. कोणी नीट काम केलं, कोणी घाईनं उरकलं, कोणाच्या पाठीशी कंपनी होती. सगळं वाचून झालं की शेवटी एकच ओळ लिहायची: होतो, होण्याची शक्यता आहे, किंवा सांगता येत नाही. तिसरी ओळ सगळ्यात जास्त लिहावी लागते. फवारणीत विषबाधा झाली तर माणूस त्याच दिवशी ओकाऱ्या काढत दवाखान्यात येतो आणि त्याच्या अंगाला औषधाचा वास असतो. कर्करोग असा लगेच येत नाही. कारण घडतं एका हंगामात आणि आजार उगवतो नातवंडं झाल्यावर. मधल्या काळात माणूस तंबाखू खातो, चुलीचा धूर गिळतो, बोअरचं पाणी पितो, आणि यातलं कोणतं कशाला कारण झालं हे एका माणसाकडे पाहून कोणालाच सांगता येत नाही. पुष्कळ माणसं एकत्र मांडावी लागतात. तेव्हा कुठं काही दिसलं तर दिसतं.

आईचा आजार कळला तेव्हा उर्वशीनं तिला आपल्याकडे आणलं. महिन्याच्या महिन्याला नागपूरला नेऊन आणायची. गोळ्या लागू पडल्या होत्या. रुखमाबाई दुपारभर गॅलरीत बसून वसाहतीतल्या ट्रकांकडे पाहत राही आणि लेक घरी आली की विचारी, आज तुझ्या उंदरांचं कसं काय? संस्थेत उर्वशीनं सांगितलं होतं की आईच्या अंगात रक्त कमी आहे. ते खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

असं सांगण्याला कारण होतं. फवारणीच्या औषधांचा पुरावा तपासायला सरकारनं एक समिती नेमलेली होती आणि उर्वशी तिची सदस्य होती. अध्यक्ष होते डॉक्टर फुलचंद राठी, निवृत्त प्राध्यापक, नियमाला पक्के. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगून ठेवलं होतं, की ज्याचा कंपनीशी व्यवहार आहे, किंवा ज्याच्या घरी तोच आजार आहे, त्यानं ते बोलून दाखवायचं. चर्चेत बसायचं, पण मताच्या वेळी खोलीबाहेर. तेव्हा उर्वशीच्या घरी कोणी आजारी नव्हतं. आजार नंतर आला. मग प्रत्येक बैठकीला ती मनाशी घोळवत राहिली, की आईनं कोणावर दावा लावलेला नाही, भरपाई मागितलेली नाही, आणि कशानं झालं हे तर आपल्यालाच माहीत नाही. मग सांगायचं काय? असं स्वतःला विचारून ती गप्प राही. असले प्रश्न गप्प राहण्यासाठीच विचारलेले असतात हे तिला कळत होतं.

या खेपेला समितीसमोर एक भुकटी होती. तिचं रासायनिक नाव लांबलचक होतं, गावात तिला निळ्या झाकणाचं औषध म्हणत. उंदरांत तिच्यामुळे रक्ताचे कर्करोग दिसले होते. माणसांबाबत पुरावा थोडा होता. 'शक्यता आहे' असा निर्णय झाला असता, तर दुकानदाराला हातमोज्यांशिवाय तो डबा विकता आला नसता आणि डब्यावर मराठीत ठळक इशारा आला असता. 'सांगता येत नाही' झाला, तर सगळं पूर्वीसारखंच. सदस्यांची मतं एकमेकांना ठाऊक होती. अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि उर्वशी. मतं सारखी पडली, तर 'सांगता येत नाही' हेच धरलं जाई. तिच्या मते उंदरांतला पुरावा भक्कम होता आणि मत 'शक्यता आहे' याच बाजूला पडायला हवं होतं.

बैठकीआधी सदस्यांना प्रफुल्ल गावंडेचा नवा अभ्यास वाचायला आला. प्रफुल्ल नागपूरला तिच्यासोबत शिकलेला, आकड्यांचा माणूस, सरळ. त्यानं याच जिल्ह्यातल्या घराघरांतून माहिती गोळा केली होती. फवारणी करणारे पुरुष एका बाजूला, आणि तुलनेला त्यांच्याच घरच्या बायका. युक्ती चांगली होती. तेच पाणी, तोच धूर, तेच जेवण, फरक फक्त फवारणीचा. आणि निष्कर्ष असा, की दोन्हीकडे रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण सारखंच. म्हणजे औषधाचा काही दोष दिसत नाही.

उर्वशीनं तो अभ्यास पुन्हा पुन्हा वाचला. हिशेबात कुठं चूक नव्हती. तरी 'औषधाशी संबंध नसलेल्या स्त्रिया' या शब्दांवर तिची नजर अडकायची. तिला बांधावरचा ड्रम दिसायचा. शाळेला सुट्टी असली की ती आईच्या मागं वावरात जायची. पुरुष पाठीला पंप लावून तासातून, पिकाच्या ओळींमधून, चालत. बाया विहिरीवरून पाणी आणून ड्रममध्ये ओतत, निळ्या झाकणानं मापून भुकटी टाकत आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळत. पंप रिकामा झाला की पुन्हा भरून देत. उन्हं कलेपर्यंत हेच.

बाजाराच्या दिवशी ती आईला घेऊन घाटंजीला गेली. तानाबाईच्या घरी दोघी म्हाताऱ्या भाजी निवडत बसल्या आणि उर्वशीनं प्रफुल्लच्या माणसांनी विचारला होता तोच प्रश्न त्याच शब्दांत आईला विचारला.

"माय, तू फवारनी केली का कधी?"

"मी कायले करू? फवारनी माणसायचं काम."

"अन् तू काय करे मंग?"

"आमी निस्तं पाणी द्याचो."

"ड्रम कोन ढवळे?"

"आमीच. काडीनं गोळे राह्यते, हातानंच फोडा लागे."

"मंग तुवा औषधाचं काम केलं नाही का?"

रुखमाबाईनं मेथीची काडी बाजूला टाकली आणि तानाबाईकडे पाहिलं. "ढवळनं म्हंजे फवारनं होते का वं?"

"जाऊ दे वं," तानाबाई म्हणाली. "हे कागदं वाचू वाचू अशी झाली. उद्या म्हणन, भाकर थापनारीनंच जेवन केलं."

दोघी हसल्या. रुखमाबाईनं त्यानंतर उगाच आपल्या हाताकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. उर्वशीला वाटलं, विचारावं तिनं. विचारलं असतं तर तिला पुन्हा तेच सांगावं लागलं असतं, की माहीत नाही. परतीच्या एस.टी.त आई खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि उर्वशी सरकत्या तुरीकडे पाहत राहिली. आता दोनच वाटा होत्या. गप्प बसून मत द्यायचं, तर प्रफुल्लचा अभ्यास अहवालात तसाच जाईल आणि पुढची कित्येक वर्षं लोक त्याचा दाखला देतील, की पाहा, यवतमाळात काही निघालं नाही. बोलायचं, तर राठी सर विचारतील, हे तुम्हाला कसं माहीत? छापलेलं तर कुठंच नव्हतं. ज्या बायांना लोकांनी कधी मोजलंच नाही, त्यांच्याबद्दल छापून येणार कुठून? मग आईचं सांगावं लागेल, आणि मत जाईल.

बैठक यवतमाळला विश्रामगृहाच्या सभागृहात भरली. पंखे आवाज करत होते. प्रफुल्लनं आपले तक्ते पडद्यावर दाखवले. दोन-चार शंका आल्या, त्यांची त्यानं नीट उत्तरं दिली. मग राठी सरांनी, आणखी कोणाला काही, असं विचारलं आणि उर्वशीनं हात वर केला.

ती शांतपणे बोलली. ड्रम, पाणी, भुकटी, हात, सगळं सांगितलं. ज्यांना तुम्ही संबंध नसलेल्या धरलंय त्यांचा संबंध पुरुषांइतकाच होता, कदाचित जास्त, म्हणाली. दोन्ही बाजूंना तेच विष असेल तर फरक दिसणार कुठून? आणि हेही म्हणाली, की यावरून औषधानं कर्करोग होतो असं सिद्ध होत नाही. एवढंच, की होत नाही असं हा अभ्यास सांगू शकत नाही.

खेमसिंग राठोड समोर बसले होते. बोरी अरबला त्यांचा दवाखाना आणि समितीत 'सांगता येत नाही'च्या बाजूचे ते सगळ्यात ठाम सदस्य. ते म्हणाले, मॅडम, ऐकीव गोष्टींवर समिती चालत नाही.

"ऐकीव नाही. पाहिलेलं आहे."

"कुणाच्या वावरात?"

"ज्याच्या वावरात आईला मजुरी मिळे त्याच्या. ढवळणाऱ्यांत माझी आई होती."

राठी सरांनी चष्मा काढला. त्यांना पुढचं विचारावं लागणार होतं आणि ते त्यांना आवडत नव्हतं. "उर्वशीताई, आईंची तब्येत…"

"रक्ताचा कर्करोग आहे. मागच्या वर्षी निघाला. मी सांगायला हवं होतं."

मग खेमसिंग खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "आईचं नाव बरं मताच्या दिवशीच निघालं."

बोचायला हवं होतं ते बोचलं. त्यांच्या जागी उर्वशी असती तर तीही असंच म्हणाली असती.

प्रफुल्ल अजून पडद्याजवळच उभा होता. त्यानं राठी सरांकडे नाही, तिच्याकडे पाहून विचारलं, "आमची माणसं तुझ्या आईकडे आली असती, फवारणी करता का म्हणून विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती?"

"नाही म्हणाली असती. मी विचारलं. नाहीच म्हणाली."

प्रफुल्ल आपल्या तक्त्याकडे वळला. स्त्रियांचा रकाना पडद्यावर तसाच उजळलेला होता. मग तो म्हणाला, की आम्हीही सगळीकडे तोच प्रश्न विचारला, ढवळतं कोण हे विचारलंच नाही. पुन्हा विचारून येईपर्यंत हा अभ्यास बाजूला ठेवा. खेमसिंगांनी हरकत घेतली, राठी सरांनी ती नोंदवून घेतली, पण ज्याचा अभ्यास तोच मागं घेतो म्हटल्यावर फारसं काही उरलं नाही. अभ्यास बाजूला झाला.

आता समोर राहिलं ते आधीचंच. उंदरांतला पुरावा, माणसांतला थोडा पुरावा, आणि मत. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. उर्वशीच्या शेजारचा सदस्य, जो तिच्या बाजूचा होता, हळूच म्हणाला की सर, आईनं दावा तर केलेला नाही, या वेळी बसू द्या. खेमसिंग राठी सरांकडे पाहत होते. सगळेच पाहत होते.

राठी सरांनी चष्मा पुन्हा लावला. "नियम मीच केलाय," ते म्हणाले. "आणि तुमचं म्हणणं आम्ही मानलं, ते तुम्ही आईचं सांगितलं म्हणूनच. ते ठेवायचं आणि हे सोडायचं, असं मला नाही करता येत, ताई."

तिला ते पटत होतं. हेच तिला जड गेलं. नियम चुकीचा असता तर तिला भांडता आलं असतं. तिनं एकदा टेबलाभोवती पाहिलं. कोणाचा हात कुठं जाणार हे तिला माहीत होतं, आणि एक हात कमी पडणार होता. राठी सरांनी मतासाठी नावं घ्यायला सुरुवात केली आणि तिच्या नावाशी येऊन थांबले.

उर्वशीनं पेनाला टोपण लावलं, ओढणी सारखी केली, खुर्ची आवाज न करता मागं सरकवली आणि दार उघडून ती बाहेर गेली.