दारातून सांगितलेली दुरुस्ती

वत्सलाबाई गेल्याचं मला ब्रह्मपुरीच्या बसस्थानकावर कळलं. त्यांच्या मुलाचा फोन होता. "सर, आई गेली. धानाचं रोवणं चालू होतं, शेतात बांधीतच चक्कर येऊन पडली." मी समोरची गाडी जाऊ दिली आणि बाकावर बसलो. मनात पहिला विचार दुःखाचा आला नाही, हे कबूल करतो. मनात आलं, आता माधुरीच्या एम.ए.चं काय? मग स्वतःचीच लाज वाटली. पण बाईंना माझा हा विचार आवडला असता, असं अजूनही वाटतं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात बाई ग्रंथालय परिचर होत्या. थोरला भाऊ जन्मापासून बहिरा, त्यामुळे हातांनी बोलणं घरातलंच. पुढे मूकबधिर शाळेतल्या मुलांकडून त्या खुणांची भाषा रीतसर शिकल्या. माधुरी तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातली, ऐकू न येणारी आमची पहिली विद्यार्थिनी. दुभाष्याची जागा काही मंजूर होईना. "दोन तास पुस्तकं थांबतीन, पोरगी काऊन थांबीन?" असं म्हणत बाईच माझ्या तासाला येऊन उभ्या राहू लागल्या. मी अर्थशास्त्र शिकवतो, आणि माझ्या शिकवण्याचा मला गर्व होता. पहिल्याच दिवशी बाईंनी भर वर्गात माझी हजेरी घेतली. "फळ्याकडं तोंड करून बोलू नोका, सर. पोरीले तुमची पाठ दिसून राह्यली." मागणीची लवचिकता मला एका तासात समजावता आली नव्हती. बाईंनी हातांनी विचारलं, मासोळी महागली तर लोकं काय करतात, आणि मीठ महागलं तर? माधुरी खुदकन हसली. तिला कळलं होतं.

मग बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा आली. मी सहकेंद्राधिकारी होतो आणि बाईंना पुरवण्या वाटायचं काम होतं. पेपर सुरू झाल्यावर विद्यापीठाकडून दुरुस्ती आली : तिसऱ्या प्रश्नात पाचशेऐवजी पन्नास वाचावे. मी वर्गावर्गातून ती वाचत गेलो. माधुरीच्या बाकापाशी थांबून तर जरा जास्तच मोठ्यानं वाचली... हे लिहितानाही कान गरम होतात. फळ्यावर लिहायला किती वेळ लागला असता? थोड्या वेळानं पुरवण्या घेऊन आलेल्या बाईंना दिसलं, पोरगी पाचशे धरूनच गणित मांडते आहे. त्यांनी दारातूनच हातांनी दुरुस्ती सांगितली. नेमकं तेव्हाच भरारी पथक जिना चढून वर आलं होतं.

उत्तरपत्रिका जप्त झाली. माधुरी एकदा माझ्याकडे, एकदा बाईंकडे बघत होती. काय घडलं हे तिला कुणी सांगेना, कारण सांगू शकणाऱ्या एकमेव बाईला हात हलवायची मनाई झाली होती. पथकप्रमुखांनी मला विचारलं, "तुम्हाला ही भाषा येते?"

"नाही."

"मग बाई उत्तर सांगत नव्हत्या, हे कशावरून?"

तीन वर्षं माझ्याच तासाला ते हात चालले होते, आणि मला त्यातलं एक वाक्य येत नव्हतं! शेवटी एवढं सुचलं की दोघींना वेगवेगळं बसवून काय सांगितलं ते लिहून घ्या. माधुरीनं लिहिलं, "प्रश्न तीन. पाचशे नाही, पन्नास." बाईंच्या कागदावरही तेच होतं. तरी पथकप्रमुख हटेनात. दुरुस्ती सगळ्यांना सांगितली होती, तर हिला वेगळी सांगायची गरज का पडली, हे लेखी द्या म्हणाले. म्हणजे माझी चूक माझ्याच हातानं लिहून द्यायची. तेव्हा माझ्या बढतीची फाइल वर गेलेली होती. पेन उघडून मी किती वेळ बसलो, कुणास ठाऊक. बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, माह्यावर काय यायचं ते येऊ द्या. पोरीचा पेपर जाऊ देऊ नोका."

मी लिहिलं. माधुरीला नवी उत्तरपत्रिका मिळाली, गेलेला वेळ मात्र मिळाला नाही. निकाल दोन महिने अडकला. ते दोन महिने तिचा बाप दर आठवड्याला येऊन कार्यालयाच्या दाराशी बसायचा, काही न विचारता. शेवटी ती पास झाली. नोटीस आली ती मला नाही, बाईंना. परीक्षा कक्षाशी विनापरवानगी संपर्क! त्या नोटिशीचा राग मला आजही येतो. बाईंनी ती घडी घालून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला नवीन मुलांसमोर हजर. आमच्याकडे हातांनी शिकवतात ही बातमी तोवर पार एटापल्लीपर्यंत गेली होती, आणि ऐकू न येणारी आणखी चार मुलं आमच्याकडे आली होती.

मागच्या महिन्यात कॉलेजात शोकसभा झाली. माधुरी आणि ही चार मुलं अशा पाच जणांना मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं. प्राचार्य बोलले, मग मी बोललो, आणि बरं बोललो असं लोक म्हणतात. बोलता बोलता लक्षात आलं, पाचही जण माझ्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघत होते. बाई तिथं उभ्या राहायच्या... मी मध्येच थांबलो. तेव्हा माधुरी उठली, त्या जागेवर येऊन उभी राहिली आणि हातांनी बोलू लागली. बराच वेळ बोलली. चौघांचे डोळे वाहत होते, आणि आम्ही दीडदोनशे माणसं नुसती बघत होतो.

मागून कुणीतरी मला विचारलं, "सर, काय म्हणून राह्यली हे पोरगी?"

मला सांगता आलं नाही.