खंडेनवमीची बंदूक

खंडेनवमीच्या सकाळी पाटावर कोयता, विळी, पान्हे ओळीनं मांडले होते. शेवटी हळूच मी माझी छऱ्याची बंदूकही ठेवली. माकडं हुसकवायला म्हणून घेतलेली. खरं तर लहानपणी अमेरिकन सिनेमातल्या घोडेस्वारांकडे पाहिलेल्या, दांडा खाली-वर करून भरायच्या रायफलीची हुबेहूब नक्कल. दस्त्यावरचे ओरखडेसुद्धा कारखान्यातच काढलेले. जुनी म्हणावी तर गेल्या महिन्यातली, नवी म्हणावी तर माझ्याहून म्हातारी दिसते. आणि ज्या काळासाठी मी हळहळतो, त्या काळात, त्या मुलखात मी होतो तरी कधी? दुसऱ्यांच्या आठवणी आपल्याला अशा कशा बिलगतात, काही कळेना.

हळदीकुंकू लावत आलेली बायको बंदुकीपाशी थांबली. बंदुकीलाही हळदीकुंकवाचं बोट लागावं, एवढीच माझी आस.

"अहो, पूजा राबणाऱ्या हत्यारांची. हिनं काय केलं आजवर?"

माकडं तर दांड्याचा आवाज ऐकून उलट बघायला जवळ येऊन बसली होती.

"माझं बोट चेचलं," मी खरं ते सांगितलं.

तिनं माझा हात ओढला, सुजलेल्या बोटाला हळद फासली, वर कुंकू टेकवलं आणि ती आत गेली.

बंदूक कोरडीच राहिली. माझी मात्र पूजा झाली की औषधपाणी, हे अजून कळलेलं नाही.