बघ्या भाऊजी

आमच्या भाऊजींनी आंब्याला कधी दगड मारला नाही, पण कैरी पडायची ती त्यांच्यामुळेच. आमच्या हट्टा गावच्या शेतात मी दगड भिरकावला की हे माझे धाकटे दीर बाजेवर पडल्यापडल्या सांगत, "वहिनी, डावीकडं दोन हात, वर एक हात." मी चिडायचे. तिसऱ्या दगडाला कैरी खाली यायची.

फौजेत त्यांचं कामही हेच होतं. लहानशा विमानातून शत्रूच्या डोक्यावर घिरट्या घालायच्या आणि आपल्या तोफेचा गोळा कुठे पडला, किती सरकवायचा, ते खाली रेडिओवर सांगायचं. एकाहत्तरच्या लढाईनंतर ते रजेवर आले तेव्हा सारं गाव पारावर जमलं.

"बॉम्ब किती टाकले?" कुणीतरी विचारलं.

"एकबी न्हाई. विमानात बंदूकसुद्धा नव्हती."

"मग काय करून राहिले होते?"

"बघून राहिलो होतो."

झालं! गावाने त्यांना 'बघ्या' करून टाकलं. भाऊजी हसत ओ द्यायचे. अंगाचा तिळपापड व्हायचा तो माझा.

हे नाव आमच्याआधी आमच्याच भागातल्या गोरेगावला पोचलं. तिथे आम्ही त्यांच्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर सुमनचे वडील पोहे पुढे करत म्हणाले, "राग मानू नका, पण लढाईत निस्तं बघणाऱ्याला पोरगी काहून द्यावी?" मी बशी खाली ठेवली. भाऊजींना सुमन मनापासून आवडली होती, हे मला कळलं होतं. आभाळातून सगळं टिपणारा हा माणूस सतरंजीवरची नजर उचलत नव्हता.

शेवटी सुमननेच विचारलं, "तुमच्यावर गोळ्या येत नव्हत्या?"

"येत होत्या. पंखाला भोकं पडली."

"मग माघारी काहून न्हाई फिरले?"

"आपली पोरं नदीकाठाला अडकली होती. मी फिरलो असतो तर तोफेवाले आंधळे झाले असते. गोळा बराबर पडला, पोरं निघाली, मग उतरलो."

एवढी मोठी गोष्ट त्यांनी घरातही कधी सांगितली नव्हती. सुमन वडिलांकडे वळून म्हणाली, "आबा, मला पसंत हाय." मुलीने असं चारचौघांत बोलायची तेव्हा रीत नव्हती. आबांनी मुकाट्याने चहा मागवला.

आता काचबिंदूने भाऊजींची नजर गेली आहे. परवा त्यांच्याकडे जेवायला गेले होते. ताटात त्यांचा हात चाचपडत होता. सुमन चुलीपुढून भाकरी थापता थापता म्हणाली, "डावीकडं दोन बोटं, जरा पुढं."

हात कैरीच्या लोणच्यावर टेकला.

"बराबर," भाऊजी म्हणाले.