निमगडावरची दाद

आमच्या निमगडाचे किस्से म्हणजे फ्रीजवर ठेवलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात! परवा बहिणीला फोनवर एकच सांगायचा म्हणून बसले, आणि गॅसवरची आमटी पार आटली.

निमगड नकाशात शोधू नका. तो आमच्या फोनमध्ये आहे. आम्ही काही पुणेकर मिळून एक ऑनलाइन गेम खेळतो. त्यात चित्रं नाहीत, मारामारी नाही, पॉइंट नाहीत. नुसतं लिहायचं! निमगड नावाचा एक जुना किल्ला आहे असं धरायचं, प्रत्येकानं तिथलं एक पात्र घ्यायचं, आणि ते काय बोलतं, काय करतं ते टाइप करायचं. त्यावर दुसरा आपल्या पात्राचं उत्तर टाइप करतो. प्रसंग संपला की 'दाद' नावाच्या वेगळ्या ग्रुपवर जाऊन एकमेकांचं कौतुक करायचं.

हे सगळं मी नवऱ्याला नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे चॅटिंगच ना!"

त्या दिवशी त्याला चहा त्याचा त्यालाच करून घ्यावा लागला.

* * *

गेम सुरू केला अभयनं. आयटीतला मुलगा, राहतो कर्वेनगरात. त्यानं शेजारच्या फ्लॅटमधल्या नानांना ओढून आणलं. नानांनी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली. त्यामुळे आल्या आल्या त्यांनी 'दाद' ग्रुपवर पाटीच लावली: "येथे नुसते 'वा' म्हणू नये. कोणत्या वाक्यास, ते लिहावे."

मग दत्ता आला. दत्ताचं गाव आता शहरात आलंय, पण शेळ्या अजून आहेत. गेममध्येही त्यानं धनगराचं पात्र घेतलं. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या एका प्रसंगावर अंगठ्याचा इमोजी टाकला.

नाना लगेच हजर. "अंगठा कोणी उठवला? सही येत नाही का?"

दत्ता म्हणाला, "येती की नाना! पन सही म्हनलं की आमच्या गावात जमीन जाती!"

मी तर खुर्चीतच उडाले. लगेच लिहिलं, "काय बोली पकडलीय! गेमच्या बाहेर आला तरी माणूस पात्र सोडत नाही! याला म्हणतात अभ्यास!" अभयनंही तेच लिहिलं, दोन ओळी जास्त.

थोड्या वेळानं दत्ताचं उत्तर आलं. "आवो म्याडम, अभ्यास कसला? आमच्या घरात समदे आसंच बोलत्यात!"

अभयनं आपला मेसेज डिलीट केला. माझा मात्र सगळ्यांनी आधीच वाचला होता.

* * *

आता शबाना. हिच्यावर माझा जीव आहे, आधीच सांगून ठेवते. बुधवार पेठेत त्यांचं पंख्यांच्या आणि मिक्सरच्या पार्टचं दुकान, आजोबांपासूनचं. ही काउंटरवर बसते, आणि गिऱ्हाईक नसलं की फोनवर निमगड लिहिते.

एकदा भरदुपारी दत्तानं आपल्या धनगराची म्हातारी शेळी मेल्याचा प्रसंग टाकला. त्यात एकच ओळ अशी होती: "दावं मोकळं झालं, पन म्या गाठ सोडली न्हाय." बस्स, एवढंच! शबाना काउंटरवर ढसाढसा रडायला लागली.

नेमके एक गृहस्थ रेग्युलेटर मागत उभे होते. ते घाबरलेच. "अहो, एवढं काय त्यात! नसेल रेग्युलेटर तर राहू द्या!"

शबाना डोळे पुसत म्हणाली, "रेग्युलेटर आहे हो. शेळी गेली!"

* * *

आमच्याकडे दाद देतानाही माणसं भांडतात. अभयचा सरदार म्हणजे एक नंबरचा नीच माणूस. शबानाचं पात्र अंबू, किल्ल्यावरची एक गरीब बाई. एका प्रसंगात सरदार भर दरबारात अंबूला असं काही टाकून बोलला, की मी फोन पालथा ठेवला. अभय स्वतःच घाबरला. त्यानं शबानाला वेगळा मेसेज केला, "ताई, सॉरी हं. लागलं तर नाही ना?"

"लागलं!" शबानानं लिहिलं. "म्हणून तर दाद देतेय! न लागणाऱ्याला कशाला देऊ?"

पुढं तो सरदार लढाईत मेला. काय मरण लिहिलं होतं पोरानं! मी स्वारगेटला बसची वाट बघत वाचत होते. तोंडातून निघून गेलं, "अगंबाई! काय सुंदर मेला!"

शेजारच्या बाई दचकल्या. "कोण गेलं हो?"

"आमच्यातला एक. फार नीच होता. पण मेला काय सुरेख!"

बाई पिशवी उचलून दुसऱ्या थांब्यावर गेल्या.

'दाद'वर तर त्या दिवशी अभयच्या कौतुकाचा पूर आला. सगळ्यांचं लिहून झाल्यावर त्याचा मेसेज आला. "जिवंत होतो तेव्हा कोणी विचारत नव्हतं. मेल्यावर बघा सगळे कसे जमले!"

* * *

फक्त नाना दाद द्यायचे नाहीत. पाटी त्यांचीच, पण त्यांचं स्वतःचं कौतुक एका शब्दावर संपायचं: "वाचले." तेही क्वचित! अभयला सरदाराच्या मरणावर एकदा "वाचले" मिळालं, तर त्यानं त्याचा स्क्रीनशॉट काढून वॉलपेपर केला.

शबानाला तेवढंही कधी मिळालं नाही. आणि तिला तेच हवं होतं. तिला लेखक व्हायचं होतं. घरी म्हणायचे, टाइमपास आहे सगळा. आम्ही वाहवा करायचो, पण ती म्हणायची, "तुम्ही माझे आहात ताई. तुम्ही वाईट कशाला म्हणाल? नानांच्या हाताखालून इतकी पुस्तकं गेलीत. त्यांनी एकदा बरं म्हटलं ना, तर मी लिहीन. नाहीतर आपलं दुकान बरं."

मी नानांना फोन करून भांडलेसुद्धा. "अहो नाना, एक शब्द टाकला तर काय बिघडतं? पोरगी लिहायचं सोडेल!"

नाना म्हणाले, "आपण मध्ये पडू नये." आणि फोन ठेवला. इतका राग आला मला!

* * *

मग निमगडावर दुष्काळ पडला. नानांचं पात्र म्हणजे पाण्याच्या टाक्यावरचा नाईक. किल्ली त्याच्या कमरेला. हुकूम असा की पाणी फक्त शिपायांना. शबानाची अंबू तापानं फणफणलेलं पोर कडेवर घेऊन दारात आली आणि तिनं घागरभर पाणी मागितलं. नाईक नाही म्हणाला.

आम्हाला वाटलं, आता अंबू रडेल, पाया पडेल. शबानानं लिहिलं: "अंबूनं रिकामी घागर दारात उपडी ठेवली. म्हणाली, 'राहू दे इथंच. उद्या तुमची बाई मागायला आली, तर तिला बसायला होईल.' आणि ती गेली."

वाचून अंगावर काटा आला माझ्या! त्यावर नानांची ओळ आली. "नाईकाने दार लावले."

'दाद'वर आम्ही भरभरून लिहिलं. दत्तानं लिहिलं, "शबानाताई, त्या घागरीपशी म्या आजून हुबा हाय." नानांनी काही म्हणजे काही लिहिलं नाही. "वाचले"सुद्धा नाही.

संध्याकाळी शबानाचा फोन आला. "ताई, झालं माझं. रविवारी सगळे भेटतोय ना, तेव्हा येते, सगळ्यांना सांगते आणि ग्रुप सोडते."

मी खूप समजावलं. ती ऐकेना.

रविवारी कर्वेनगरातल्या एका साध्या खानावळीत आम्ही जमलो. शबानाला आणि नानांना आमच्यापैकी फक्त फोनवरच ओळखणारे बरेच होते, आणि त्या दोघांनी तर एकमेकांना कधी पाहिलंच नव्हतं. नाना भिंतीकडच्या खुर्चीवर ताठ बसले होते. शबाना आली तेव्हा तिचा चेहरा बघूनच मला कळलं, ही आता बसायचीही नाही.

अभय म्हणाला, "नाना, ह्या शबाना. आपली अंबू."

नाना उठून उभे राहिले. टेबलावरचा जग घेतला, पेला काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला.

"घ्या, अंबूबाई," नाना म्हणाले. "त्या दिवशी मी दार लावायला नको होतं."

शबानानं पेला घेतला. तो तोंडाला न लावता ती म्हणाली, "आधी पोराला पाजते."

नानांनी दुसरा पेला भरला.