अपिटी

"किती अपिटी आहेस गं तू," सुपरवायझर बाई म्हणाल्या आणि स्टाफरूम हसली. मीही हसले. इंग्रजी शब्द, मला माहीत नव्हता.

डोंबिवलीतल्या एका इंग्रजी शाळेत मी विज्ञान शिकवते. वाढले कळव्याच्या चाळीत, शिकले मराठी शाळेत. रुजू झाले तेव्हा बाईंनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग घरी देव कुठले. आम्ही बौद्ध, म्हटलं. तेव्हापासून बाकीच्यांना अहो, मला अगं.

दर गॅदरिंगला माझी ड्युटी ठरलेली. मुलींच्या बाथरूमपाशी उभं राहायचं, रांग लावायची, पाणी सांडलं की पुसायचं. बाकीच्या शिक्षिका साड्या नेसून स्टेजजवळ. या वर्षी निवेदन मी करू का, कॉलेजात केलेलं, एवढंच मी विचारलेलं. त्यावर तो शब्द.

घरी येऊन मोबाइलवर पाहिला. आपली पायरी विसरून स्वतःला मोठं समजणारा. खाली वापरही दिलेला. वरचे लोक खालच्यांना असं म्हणतात. आईने जेवायला वाढलं. ताट तसंच ठेवून मी तो अर्थ पुन्हा वाचला. स्टाफरूममध्ये सगळ्यांबरोबर मीही हसले होते.

मग लक्ष ठेवलं, हा शब्द आणखी कुणाला लावतात. गणिताच्या बाईंनी सहलीला यायला साफ नकार दिला. त्या स्पष्टवक्त्या ठरल्या.

गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये माझ्या वाट्याला पुन्हा बाथरूम. मी उभी राहिले.

"बाई, त्या शब्दाचा अर्थ पाहिला मी. माझी पायरी कुठली, ते सांगा."

"अगं, गमतीत म्हटलं."

"सांगा."

बाई यादी पुढे वाचू लागल्या. ही ड्युटी मी करणार नाही, म्हटलं आणि बसले.

ती ड्युटी मग सगळ्यांत पाळीपाळीने वाटली गेली. निवेदन मला मिळालं नाहीच. नववीचा वर्ग काढून घेतला. डबा खायला कुणी बोलावत नाही. दमलेय मी. रोज सकाळी अंगावर चिलखत चढवून शाळेत जायचं, दमायला होतं.

बाई तेच मराठीत बोलल्या असत्या, तर ते त्यांच्या अंगाशी आलं असतं. इंग्रजी शब्द वापरला, म्हणून गंमत. आता कुणी काही म्हणालं की मी तिथल्या तिथे विचारते, याला मराठीत काय म्हणतात? हसत नाही.

नोकरी सोडणार नाही. पुढच्या वर्षीही निवेदन मागणार. नाही म्हणायचं असेल, तर कारण सगळ्यांसमोर सांगावं लागेल. सरळ मराठीत.